तीन झाडे आणि एक लाल फुली

जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने, दरवर्षीच्या शिरस्त्याप्रमाणे, गोपनीयतेची मुदत संपलेली जुनी कागदपत्रे लोकांसाठी खुली केली. त्यांत ७५ वर्षे बंद राहिलेली एक फाइल होती आणि त्या फाइलमध्ये हाताने काढलेला एक नकाशा होता. एका रेखाटनात खेड्यातल्या रस्त्याचा आडवा छेद, दुसऱ्यात तीन झाडे, आणि त्यांपैकी एका झाडाच्या बुंध्याशी लाल रंगात मारलेली फुली. संगणकाच्या पडद्यावर तो नकाशा मोठा करून मी पाहत बसलो, तेव्हा मध्यरात्र उलटून गेल्याचेही माझ्या लक्षात आले नाही. युद्धकाळात पुरलेल्या संपत्तीच्या कथा मी अनेक वर्षे जमेल तिथून वाचत आलो आहे. पण लहानपणी कल्पनेत रंगवलेला नकाशा सरकारी दप्तरातून जसाच्या तसा बाहेर यावा, असे पूर्वी कधी घडले नव्हते.

हकिकत अशी. ऑगस्ट १९४४ मध्ये आर्नेम शहरातल्या एका बँकेच्या शाखेवर बाँब पडला. फुटलेल्या तिजोऱ्यांतून विखुरलेली घड्याळे, दागिने आणि हिरे काही जर्मन सैनिकांनी खिशात घातले आणि पुढे काडतुसांच्या चार पेट्यांत भरून ठेवले. एप्रिल १९४५ मध्ये दोस्तांचे सैन्य जवळ येऊ लागले, तेव्हा ओमेरेन या लहानशा खेड्याजवळ त्यांनी त्या पेट्या पुरल्या. पुढे एका जर्मन सैनिकाने ही गोष्ट डच अधिकाऱ्यांना सांगितली. १९४७ मध्ये सरकारी यंत्रणेने तिथे शोध घेतला, त्या सैनिकाला जर्मनीतून आणून जागा दाखवायला लावली, पण हाती काही लागले नाही. फाइल बंद झाली.

ती उघडताच मेटल डिटेक्टर आणि फावडी घेतलेल्या माणसांची ओमेरेनला रीघ लागली. हा भाग युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत आघाडीवर होता, जमिनीत न फुटलेले बाँब आणि सुरुंग असू शकतात, खणणे जिवावर बेतेल, असे स्थानिक प्रशासनाला वारंवार बजावावे लागले. पेट्या आजतागायत मिळालेल्या नाहीत. जागा माहीत असल्याचे सांगणाऱ्या सैनिकाला सोबत घेऊन, घटनेनंतर जेमतेम दोन वर्षांनी, सरकारी बळ वापरूनही जे सापडले नाही, ते ७५ वर्षांनंतर आपल्याला सापडेल, असे त्या माणसांना का वाटले असावे? या प्रश्नाकडे मी तुच्छतेने पाहू शकत नाही, कारण उपग्रहाने टिपलेल्या ओमेरेनच्या छायाचित्रावर तीन झाडे शोधत मीही त्या रात्री बसलोच होतो.

मला वाटते, या ओढीचे पहिले कारण असे की या कथा संपूर्ण खोट्या नाहीत. त्यांच्या मुळाशी एक घडून गेलेली आणि फोटोंसह नोंदलेली गोष्ट आहे. ३ फेब्रुवारी १९४५ रोजी बर्लिनवर जबरदस्त बाँबहल्ला झाल्यानंतर जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने आपला सोन्याचा मोठा साठा थुरिंगियातल्या मर्कर्स या गावच्या मिठाच्या खाणीत हलवला. एप्रिलच्या सुरुवातीला पॅटनच्या सैन्याने तो भाग घेतला, तेव्हा अमेरिकनांना त्याचा पत्ताही नव्हता. ६ एप्रिलला रस्त्याने चाललेल्या दोन विस्थापित फ्रेंच स्त्रियांना लष्करी पोलिसांनी हटकले. त्यांतली एक गर्भवती होती. त्यांना गाडीतून परत गावात नेत असताना खाणीचे तोंड दिसले आणि जर्मनांनी सोने इथेच उतरवले, असे त्या सहज बोलून गेल्या. दुसऱ्या दिवशी सैनिक सुमारे ६०० मीटर खोल उतरले. पोलादी दाराशेजारची भिंत सुरुंगाने फोडून ते आत गेले, तेव्हा छतावरच्या दिव्यांच्या उजेडात ओळीने मांडून ठेवलेली ७,००० हून अधिक पोती त्यांच्यासमोर होती. १२ एप्रिलला आयझेनहॉवर, ब्रॅडली आणि पॅटन हे तिघेही सेनानी खाणीच्या पाळण्यातून खाली उतरून ते दालन पाहून आले.

हे एकदा घडले आहे. खोल खाण, बंद दार, सोन्याची पोती, सगळे काही. जे एकदा घडले ते दुसऱ्यांदाही घडू शकेल, ही आशा वेडेपणाची नाही. पण मर्कर्सची हकिकत वाचताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. ते सोने नकाशामुळे किंवा सांकेतिक खुणेमुळे सापडले नाही. गावात ते कुणापासून लपून राहिलेलेच नव्हते आणि बोलणारे भेटताच एका दिवसात ते उघड झाले. हजारो पोती उतरवायला हमाल लागतात, मालगाड्या लागतात, पहारेकरी लागतात, आणि त्या प्रत्येकाला तोंड असते. दंतकथेतल्या खजिन्याची अट मात्र नेमकी उलटी असते. तिथे पाहणारा कुणीच उरलेला नसतो. मजुरांना गोळ्या घातल्या, अधिकारी मारला गेला, कागद जाळले, भुयाराचे तोंड उडवून दिले, असे सांगितले जाते. त्यामुळे पुरावा नसणे हाच त्या कथेचा पुरावा होतो आणि ती खोटी ठरवण्याचा मार्गच राहत नाही.

ऑस्ट्रियाच्या डोंगरांत, एकमेकांपासून काही किलोमीटरवर, अशी दोन ठिकाणे आहेत की त्यांना शेजारी ठेवून पाहिले की हा फरक स्वच्छ दिसतो. आल्टआउसेच्या मिठाच्या खाणीत नाझींनी युरोपभरातून लुटलेली हजारो चित्रे ठेवली होती. त्यांत गेंटच्या चर्चमधले व्हॅन आइक बंधूंचे वेदीचित्र होते आणि मायकेलअँजेलोने घडवलेली ब्रुजची मॅडोनाही होती. युद्ध संपता संपता तिथल्या नाझी प्रमुखाने, ‘संगमरवर, सांभाळून उचला’ असे लिहिलेल्या खोक्यांतून प्रत्येकी ५०० किलोचे आठ बाँब खाणीत पोहोचवले होते. खाणीतल्या माणसांनी ती खोकी बाहेर काढली आणि बोगद्यांची तोंडे बेताने उडवून आतला ठेवा सुरक्षित बंद केला. माझ्या लेखी या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत मोठे धाडस आहे, आणि तरीही आल्टआउसेची कथा खजिन्याच्या वेडाने भारलेल्यांना फारशी खेचत नाही. तिथले सगळे सापडले आणि कथा पूर्ण झाली.

जवळच्या टोप्लिट्झ सरोवराची कथा मात्र संपत नाही. हे सरोवर १०३ मीटर खोल आहे. सुमारे २० मीटरखाली पाण्यात प्राणवायू नाही आणि बुडालेले ओंडके न कुजता मध्येच एकमेकांत अडकून राहिले आहेत, त्यामुळे तळ गाठणे अतिशय धोक्याचे आहे. युद्धाच्या शेवटी नाझींनी इथे पेट्या बुडवल्या, ही गोष्ट खरी आहे. १९५९ मध्ये एका जर्मन साप्ताहिकाच्या मोहिमेने त्यांतल्या काही वर काढल्या. आत ब्रिटिश पौंडांच्या नोटा होत्या आणि त्या बनावट होत्या. साक्सेनहाउसेनच्या छळछावणीतल्या ज्यू कैद्यांकडून, छापखान्याचे आणि खोदकामाचे कसब असलेली माणसे निवडून, नाझींनी जिवाच्या भीतीखाली त्या छापून घेतल्या होत्या. एकूण छपाई १३ कोटी पौंडांच्या वर गेली होती. म्हणजे सरोवराने जे दिले त्याचे बाजारमूल्य काहीच नव्हते. पण खोटा माल निघाला म्हणून खरा माल आणखी खाली आहे, असा लोकांनी अर्थ लावला. १९६३ मध्ये १९ वर्षांचा एक पाणबुड्या तिथे बुडून मेला आणि त्यानंतर सरकारने तिथे सूर मारण्यावर बंदी घातली. एकोणीस हे वय मी वाचतो तेव्हा दरवेळी थांबतो.

पोलंडमधल्या वाउब्झिख शहराजवळची सोन्याची आगगाडी ही या परंपरेतली अलीकडची आणि सर्वांत गाजलेली कथा. ऑगस्ट २०१५ मध्ये एक पोलिश आणि एक जर्मन अशा दोन शोधकांनी दावा केला की १९४५ मध्ये नाहीशी झालेली चिलखती आगगाडी त्यांना रेल्वेमार्गाच्या ६५ व्या किलोमीटरजवळ सापडली आहे. सापडलेल्या मालातला १० टक्के वाटा त्यांनी मागितला. रडारची प्रतिमा पाहिलेल्या उपमंत्र्यांनी आपली ९९ टक्क्यांहून अधिक खात्री झाल्याचे जाहीर करून टाकले. मग जगभरचे पत्रकार आले आणि आसपासच्या रानांत हौशी लोकांची झुंबड उडाली. डिसेंबरमध्ये क्राकोच्या खाण विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी आपल्या मोजण्या मांडून सांगितले की तिथे बोगदा कदाचित असेल, गाडी मात्र नाही. तरीही ऑगस्ट २०१६ मध्ये यंत्रे लावून खणले गेले. गाडी नव्हती, रूळ नव्हते, बोगदाही नव्हता. रडारवर जे आकार दिसले होते ते जमिनीच्या नैसर्गिक थरांचे होते.

या प्रकरणात मला सर्वांत विचार करायला लावणारी वस्तू म्हणजे ती रडारची प्रतिमा. अशा प्रतिमेत करड्या रंगाच्या लाटा आणि कमानी दिसतात. जमिनीत सोडलेल्या लहरी जिथे माती बदलते, ओल बदलते किंवा दगड लागतो तिथून परत येतात, आणि त्या परतण्याला किती वेळ लागला यावरून खोली काढली जाते. यंत्र फक्त इतकेच सांगते की इथे काहीतरी वेगळे आहे. त्या वेगळेपणाला आगगाडी हे नाव पाहणारा देतो, आणि जो आधीच गाडी शोधत आला आहे त्याला त्या लाटांत डबे दिसतात. नवे यंत्र आले की शंका फिटेल, असे आपण समजतो. इथे मात्र प्रत्येक नव्या यंत्राने जुन्या कथेला नवे आयुष्य दिले आहे. मागच्या पिढीकडे हे रडार नव्हते म्हणून तिला सापडले नाही, असे म्हणायची सोय प्रत्येक पिढीला मिळते.

आणि तो डोंगर रिकामा नाही, हेही लिहिले पाहिजे. जवळच्या सोवी डोंगररांगेत नाझींनी ‘रीझे’ नावाने भुयारांचे प्रचंड जाळे खोदायला घेतले होते. ग्रोस-रोझेन छळछावणीच्या अखत्यारीतल्या हजारो कैद्यांना त्यासाठी राबवले गेले आणि त्यांतले हजारो तिथेच मेले. अर्धवट राहिलेल्या त्या भुयारांच्या भिंतींवर आजही खोदकामाचे वण आहेत. आतले सोने काल्पनिक असेल, पण ते खणणारे हात खरे होते.

आशियातली मोठी दंतकथा फिलिपिन्समध्ये आहे आणि तिला जनरल यामाशिता यांचे नाव चिकटले आहे. जपानी सैन्याने आग्नेय आशियातून लुटलेले सोने फिलिपिन्सच्या डोंगरांत पुरून ठेवले, असे ती कथा सांगते. जपान्यांनी जिंकलेल्या देशांत बँका, मंदिरे आणि घरे लुटली, यात वाद नाही. पण यामाशिता ऑक्टोबर १९४४ मध्ये मनिलात पोहोचले आणि त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकन फौजा फिलिपिन्सच्याच लेते बेटाच्या किनाऱ्यावर उतरल्या. समुद्रमार्ग तोवर अमेरिकन पाणबुड्यांनी असुरक्षित करून टाकले होते. इतके सोने इतक्या उशिरा, शत्रू येणार हे ठाऊक असलेल्या बेटांवर कुणी आणि का आणावे, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर कुठेही मिळालेले नाही. सप्टेंबर १९४५ मध्ये यामाशिता शरण आले आणि २३ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांना फाशी झाली. त्यांच्या तोंडून काही वदवून घेण्याची वाटच उरली नाही, आणि दंतकथेला मोकळे रान मिळाले.

या कथेत एक खरा खटला आहे. बागिओ शहरातल्या रोखेलियो रोखास या कुलपे बनवणाऱ्या माणसाचे म्हणणे असे होते की १९७१ मध्ये एका भुयारात त्याला सोन्याची बुद्धमूर्ती आणि सोन्याच्या लगडींच्या पेट्या सापडल्या, आणि राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या माणसांनी मूर्ती हिसकावून घेऊन त्याला तुरुंगात डांबले आणि त्याचा छळ केला. मार्कोस सत्तेवरून गेल्यावर त्याने अमेरिकेत, हवाई राज्यात दावा लावला. १९९३ मध्ये तो वारला. १९९६ मध्ये ज्युरीने त्याच्या बाजूने २२०० कोटी डॉलरची भरपाई ठरवली, आणि १९९८ मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने न मोजल्या गेलेल्या सोन्याबद्दलची ती अवाढव्य रक्कम रद्द केली, पण मूर्ती हिरावून घेतल्याचा आणि छळाचा भाग कायम ठेवला. लोकांच्या लक्षात २२०० कोटींचा आकडा राहिला. एका कारागिराला झालेल्या मारहाणीवर न्यायालयाने शिक्कामोर्तब केले, ही मला त्या निकालातली अधिक मोलाची गोष्ट वाटते. इमेल्डा मार्कोस यांनीही आपल्या पतीची संपत्ती यामाशितांच्या सोन्यातून आल्याचे सांगितले. जनतेच्या तिजोरीतून पैसा नेल्याचा आरोप असलेल्या घराण्याला अशी कथा किती सोयीची असते, हे उघड आहे.

फिलिपिन्समध्ये खजिना शोधायला सरकारी परवाना लागतो आणि सापडलेल्यात सरकारचा वाटा ठरलेला असतो, तरीही चोरून खणणाऱ्यांची कमतरता नाही. खडकावरचा त्रिकोण, बाण किंवा कासवाचा आकार म्हणजे जपान्यांची खूण, असे मानून लोक घराच्या जमिनीखालीही खणतात, आणि आधार न देता खोदलेल्या खड्ड्यांत गुदमरून किंवा माती ढासळून मरतात. नकली नकाशे आणि नकली लगडी विकणाऱ्यांचा धंदाही तिथे चालतो. कर्ज काढून खणणाऱ्या माणसाला लोभी ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. ज्याला कष्टाने वर येण्याचा दुसरा मार्ग दिसत नाही, त्याच्या दृष्टीने डोंगरातले सोने ही एकच अशी गोष्ट असते की जी मिळवायला ओळख, शिक्षण किंवा भांडवल लागत नाही. फावडे आणि धीर एवढे पुरते.

इथे मला एका शब्दाबद्दल बोलायचे आहे. आपल्याकडे ‘गुप्तधन’ असा शब्द आहे. त्यात धन आहे, गुप्तता आहे, मालक मात्र नाही. पुरणारा कधीच गेला, ज्याला सापडेल त्याचे नशीब, असा त्या शब्दाचा कल आहे. युद्धातल्या संपत्तीला हा शब्द लावला की तिच्या मागची माणसे पुसली जातात. ‘रोमेलचा खजिना’ घ्या. कॉर्सिकाजवळच्या समुद्रात सोन्याच्या पेट्या बुडवल्या आहेत, असे मानून कित्येक जणांनी तिथे शोध घेतला. त्या कथेच्या मुळाशी असलेली घटना फेब्रुवारी १९४३ मधली आहे. ट्युनिशियाच्या जेर्बा बेटावरच्या ज्यू वस्तीकडून नाझींनी ५० किलो सोने मागितले आणि ते न दिल्यास वस्तीवर बाँब टाकण्याची धमकी दिली. लोकांनी घराघरांतून बांगड्या, साखळ्या, अंगठ्या गोळा करून दिल्या. ते काम एसएस या नाझींच्या निमलष्करी दलाच्या माणसांचे होते, जर्मन सेनापती रोमेल यांचा त्यात हात नव्हता. दंतकथेला मात्र सेनापतीचे नाव मिळाले, ज्यांच्या हातातून बांगड्या उतरल्या त्यांचे मिळाले नाही.

मर्कर्सच्या दालनातही हेच होते. त्या पोत्यांच्या मागे, दालनाच्या टोकाला, सुटकेसी आणि ट्रंका रचलेल्या होत्या. त्यांत लग्नाच्या अंगठ्या, चष्म्यांच्या चौकटी, चांदीची भांडी आणि दातांतले सोने होते. छावण्यांत मारल्या गेलेल्यांकडून काढून घेतलेला हा माल १९४२ पासून एसएसचा एक अधिकारी बँकेत जमा करत असे, आणि बँकेचे कारकून त्याची रीतसर पावती करत असत. १९४६ मध्ये नेमलेल्या त्रिपक्षीय आयोगाने लुटलेल्या मध्यवर्ती बँकांचे सोने त्या त्या देशांना परत करण्याचे काम केले. ते १९९८ पर्यंत चालले आणि ३०० टनांहून अधिक सोने त्यातून परत गेले. आयोगाच्या कचेरीत कुणी भुयार खणले नाही आणि तिच्यावर कुणी पोवाडे रचले नाहीत. पण जगातला सर्वांत मोठा शोध याच मार्गाने, हिशेबाच्या वह्यांतून लागला, असे माझे मत आहे. समुद्राच्या तळाशी गेलेले युद्धकालीन सोनेही अशाच नोंदींमुळे मिळाले. ‘एडिनबरा’ ही ब्रिटिश युद्धनौका मे १९४२ मध्ये बुडाली तेव्हा तिच्यावर ४६५ लगडी होत्या, हा आकडा कागदावर होता. १९८१ मध्ये पाणबुड्यांनी त्यांतल्या ४३१ वर आणल्या.

हे सगळे ठाऊक असूनही तृणमण्यांच्या दालनाबद्दल नवी बातमी आली की मी हातातले काम टाकून ती वाचतो. झारच्या महालातले, सहा टनांहून अधिक तृणमणी म्हणजे अंबर वापरून सजवलेले ते दालन १९४१ मध्ये जर्मन सैनिकांनी ३६ तासांत उतरवून क्योनिग्सबर्गच्या किल्ल्यात नेले, आणि १९४५ मध्ये ते तिथून नाहीसे झाले. तो किल्ला जळाला तेव्हा तेही जळाले असण्याचा संभव मोठा आहे, कारण तृणमणी म्हणजे शेवटी झाडाची राळ आहे आणि ती पेट घेते. पण राख कुणी ओळखून दाखवलेली नाही, म्हणून खाणी, तळघरे आणि बुडालेली जहाजे धुंडाळणे चालूच आहे. त्या दालनात पंचेंद्रियांवर आधारलेली, रंगीत दगडांची चार जडावचित्रे होती. १९९७ मध्ये त्यांतले स्पर्श आणि गंध दाखवणारे एक चित्र सापडले. ते जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात विकायला काढलेले होते. दालनाच्या वाहतुकीवर असलेल्या एका सैनिकाने ते घरी नेले होते आणि नंतर ते त्याच्या मुलाकडे आले होते. शोधणारे डोंगर पोखरत होते ती सगळी वर्षे ते एका सैनिकाच्या कुटुंबाकडे होते. २००० मध्ये ते रशियाला परत गेले.

तेव्हापासून ओमेरेनच्या नकाशाकडेही मी वेगळ्या नजरेने पाहतो. त्या फाइलमध्ये फुलीखालच्या पेट्यांत घड्याळे असल्याचे लिहिले आहे. त्या काळच्या खिशातल्या घड्याळांच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पुष्कळदा नाव कोरलेले असे, कधी लग्नाची तारीख, कधी नोकरीतल्या निवृत्तीचे वर्ष. आर्नेमच्या त्या बँकेत माणसांनी ती सुरक्षित राहावीत म्हणून ठेवली होती. एखाद्या दिवशी कुणाच्या फावड्याला ती पेटी लागलीच, तर हिरे मोजण्याआधी त्याने ती झाकणे उघडून पाहावीत, असे मला फार वाटते.